इनफ-पुराण

इंग्रजीने आजवर पुष्कळांचा पाणउतारा केला असेल, पण एकाच शब्दाकडून तो जन्मभर करून घेण्याचा मान बहुधा माझाच असावा. शब्द काही भारदस्त नाही. घरात, बाजारात, शाळेत कुठेही भेटतो, आणि अर्थ विचाराल तर पुरे, पुरेसं, बास. म्हणजे ज्याने बोलणं आटोपायचं असा शब्द. माझं मात्र सगळं त्याच्यापासूनच सुरू होतं. तो शब्द म्हणजे 'इनफ'.

त्याची-माझी ओळख शाळेत झाली. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत यायचं. (पहिलीपासून झालं ते २००० साली, तोवर आमच्या पिढीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.) मी बाराखडीवर पोसलेला जीव, लिहिलंय तेच वाचायचं अशी माझी साधी समजूत. त्यामुळे फळ्यावर ई, एन, ओ, यू, जी, एच अशी सहा अक्षरं ओळीने उभी राहिली आणि सरांनी त्यांच्यासमोर मला उभं केलं, तेव्हा मी छाती फुगवून, शेवटच्या 'घ'ला जराही न दुखावता, खणखणीत वाचलं, "एनौघ!" वर्ग हसला नाही, कारण वर्गालाही तेच वाटत होतं. सर हसले. मग त्यांनी सांगितलं की याचा उच्चार 'इनफ', कारण जीएचचा इथे 'फ' होतो. त्यातला 'इथे' मी ऐकला नाही. पुढे धड्यात 'थ्रू' आलं ते मी 'थ्रफ' वाचलं, 'दो' आलं त्याचं 'दफ' केलं, 'नाइट'ची 'निफ्ट' झाली, आणि एवढ्या माराच्या अनुभवानंतर एक दिवस 'लाफ' समोर आलं, तेव्हा सरांचा हात पट्टीकडे जाताना पाहून मी घाईघाईने सुधारून 'लाघ' म्हणालो. अख्ख्या धड्यात 'फ' हवा होता तो तिथेच.

आता या वयात कळतं, की सगळा दोष माझा नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'येनोग', 'येनोख' असा होता, आणि त्याच्या शेवटी घशातून काढायचा एक ध्वनी होता, आपल्या 'ख' आणि 'ह' यांच्या मधला. जीएच ही जोडी पुढे त्या घशासाठीच नेमली गेली. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, स्पेलिंगं हळूहळू शिशाच्या खिळ्यांत अडकून बसली, पण जिभा काही बसल्या नाहीत. काही शब्दांत तो खरखरीत ध्वनी घसा सोडून ओठांवर आला आणि 'फ' झाला: इनफ, रफ, टफ, कॉफ. काही शब्दांत तो नुसताच गळून पडला: थ्रू, दो, नाइट. लिहायचे मात्र सगळे पूर्वीसारखेच. तेव्हा फळ्यावरची ती शेवटची दोन अक्षरं लोक एके काळी खरोखर उच्चारत होते. माझं वाचन चुकलं नव्हतं, फक्त पाचशे वर्षं उशिरा झालं होतं.

उच्चार कसाबसा जमला तर पुढचा प्रश्न, हा शब्द बसवायचा कुठे? आपला 'पुरेसा' गरीब स्वभावाचा. पुरेसे पैसे, पुरेसा मोठा. काहीही येवो, तो आपला आधी जाऊन उभा. 'इनफ'चं तसं नाही. नाम असेल तर त्याच्या आधी आणि विशेषण असेल तर त्याच्या नंतर. इनफ मनी, पण रिच इनफ. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या इंग्रजी शिकल्या; मी तेवढा त्यातून कोरडा बाहेर पडलो. बँकेच्या मुलाखतीत, स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर, मी रात्रभर आरशासमोर घोकलेलं वाक्य फेकलं: आय ॲम इनफ हार्डवर्किंग, इनफ सिन्सिअर अँड इनफ इंटेलिजंट. समितीतले एक गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "इनफ." मला वाटलं, त्यांना आवडलं. मी आणखी दोन गुण सांगितले.

नोकरी लागली. सहकारी बँक होती, तिला तेवढं इंग्रजी पुरत असे.

आत गेल्यावर कळलं, की बँकेत या शब्दाला मज्जावच आहे. खात्यात पैसे नसले तर चेक परत जातो तो 'फंड्स इनसफिशंट' असा शेरा घेऊन. 'नॉट इनफ मनी' लिहून चेक परत गेल्याचं मी उभ्या हयातीत पाहिलं नाही. याचंही कारण जुनं आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबार, कोर्ट, कायदा यांची भाषा फ्रेंच झाली. त्या वाटेने लॅटिन घराण्याचा 'सफिशंट' आला आणि कागदोपत्री कामाला बसला. घरचा 'इनफ' राहिला चुलीपाशी आणि गोठ्यात. आपल्याकडच्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात १९८८ साली चेक न वटण्याबद्दल शिक्षेचं कलम १३८ घातलं, तिथेही मथळ्यात 'इनसफिशन्सी'च. गरीब शब्दाने माणूस तुरुंगात जात नाही.

एवढी ताकीद असूनही मी 'इनफ' बँकेत आणलाच. आमच्या शाखेत एक शिपाईमामा होते, देवमाणूस. काउंटरखाली पडलेली दहाची नोटसुद्धा मालक शोधून देणारे. त्यांच्या बढतीसाठी गोपनीय अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोवर मी 'इनफ' विशेषणाच्या नंतर येतो हे पक्कं केलं होतं, आणि शिकलेलं कुठेतरी वापरायला हवंच असतं. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ही इज ऑनेस्ट इनफ. वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावलं, अहवालावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पुरेसा प्रामाणिक म्हणजे? उरलेला कुठे असतो?" तेव्हा मला समजलं की विशेषणाच्या मागे लागलेला हा शब्द शेपटीसारखा नुसता लोंबत नाही, तो विशेषणाला मागे ओढतो. 'गुड' म्हणजे चांगला. 'गुड इनफ' म्हणजे चालेल. 'ऑनेस्ट इनफ' म्हणजे तसा प्रामाणिक आहे, पण किल्ल्या तुमच्याकडेच ठेवा. मामांची बढती रखडली. त्यांनी तोंडाने एक शब्द काढला नाही, पण पुढे बरेच महिने माझ्या टेबलावर येणारा चहा 'हॉट इनफ' असे.

निवृत्तीनंतर मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं स्कॉटलंडात ॲबर्डीनला गेलो. 'आम्ही दोघं' हे म्हणायला. बाळंतपणासाठी आमची ही गेली. डिंक, अळीव आणि खारीक-खोबऱ्याच्या पिशव्या उचलायला मी गेलो. जावई तिथे उत्तर समुद्रातल्या तेलाच्या धंद्यात. गाव सगळं करड्या ग्रॅनाइटचं. ऊन पडलं की भिंती लखलखतात म्हणे. आम्ही होतो तोवर भिंतींनी सुट्टी घेतली होती.

जावई फार सालस. मी रोज संध्याकाळी त्यांना देशाची परिस्थिती, व्याजदर, रस्त्यांचे खड्डे आणि हल्लीची पिढी यांवर माझे विचार ऐकवी, आणि ते मन लावून ऐकून शेवटी म्हणत, "फेअर इनफ, बाबा." मी मनाशी अर्थ लावला. फेअर म्हणजे न्याय्य, इनफ म्हणजे पुरेसं. माझे विचार न्याय्य आहेत आणि त्यांत आणखी काही भर घालायला नको, असं कुणीतरी अखेर म्हणत होतं. मी हे हिला अभिमानाने सांगितलं. मुलगी बाळाचे लंगोट वाळत घालता घालता म्हणाली, "बाबा, फेअर इनफ म्हणजे, बरं, असू दे, सोडा आता." तिने आणखीही सांगितलं. तिकडे 'ऑडली इनफ' म्हणतात, 'फनिली इनफ' म्हणतात, आणि त्यातला 'इनफ' विशेष काहीच करत नाही, वाक्यात नुसता बसून असतो. त्या घरात माझंही तेच काम होतं.

बाळ रात्रभर रडे आणि मुलगी पहाटे स्वतः रडे, की मला जमत नाही, मी चांगली आई नाही. कुणीतरी तिला डोनाल्ड विनिकॉट यांच्याबद्दल वाचायला दिलं. हे लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५३ साली छापलेल्या एका निबंधात त्यांनी 'गुड इनफ मदर' अशी कल्पना मांडली: आई सुरुवातीला बाळाच्या गरजेला जवळजवळ पूर्णपणे धावून जाते, आणि मग बाळाला सोसेल तसतशी हळूहळू थोडी कमी धावते, आणि हे कमी धावणंच बाळाच्या वाढीला लागतं. परिपूर्ण आई बाळाला नकोच असते. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा ही लाडू वळत होती. म्हणाली, "गुड इनफ? म्हणजे पस्तीस मार्कांची आई?" मुलीने पुन्हा नीट समजावलं. हिने एक लाडू वळून ताटात ठेवला, दुसरा वळला, आणि निकाल दिला, "मग आई कमी धावते तेव्हा धावतं कोण? आजी. ते नाही लिहिलं त्यांनी?" मी मध्येच विचारलं की गुड इनफ आजोबा असतात का. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

"फेअर इनफ," मी म्हणालो.

एकदा बाळाला तपासायला नेताना दोघींनी मला मुगाची खिचडी टाकून ठेवायला सांगितली. हिची कृतींची वही बरोबर आणलेली होतीच. मी उघडली. तेल फोडणीपुरतं. पाणी शिजण्यापुरतं. मीठ चवीपुरतं. आता हा 'पुरता' म्हणजे मराठीचं मोठं वैभव आहे, इंग्रजीला जन्मात जमणार नाही असं. कामापुरता, नावापुरता, पोटापुरता. नामाला चिकटला की मोजमापाचा विषय संपला. ज्याला येतं त्याला कळतं, आणि ज्याला येत नाही त्याने स्वयंपाकघरात जाऊ नये, असा त्याचा अध्याहृत अर्थ आहे. मी हिला फोन लावला.

"अगं, चवीपुरतं म्हणजे किती?"

"पुरेल इतकं."

"कुणाला?"

तिकडून फोन बंद झाला. मग मी माझ्या चवीला विचारलं. रक्तदाबामुळे मला घरात कित्येक वर्षं मीठ मिळालेलं नाही. त्यामुळे माझी चव मुळातच उपाशी, आणि उपाश्याला विचारून वाढू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणीही शिजण्यापुरतं घातलं, पण ते कुणाच्या शिजण्यापुरतं हे मुगाने आणि तांदळाने वेगवेगळं ठरवलं. संध्याकाळी जावयांनी एक घास घेतला, पेलाभर पाणी प्यायले, आणि म्हणाले, "नाइस इनफ, बाबा." तोवर विशेषणामागचा इनफ काय करतो ते मला ठाऊक झालं होतं.

आता शेजारच्या बाईंकडे वळतो. निवृत्त शाळामास्तरीण, माझ्याहून थोड्याच मोठ्या, पाठीचा कणा ताठ. बाळ झाल्याबद्दल त्यांनी जावयांना आणि मला 'टी'ला बोलावलं. संध्याकाळचा चहा, म्हणून मी घरून पिठलं-भात आणि वर डिंकाचा लाडू असं व्यवस्थित जेवून निघालो. जावई कामावरून थेट तिकडे आले, त्यामुळे मला सांगायला कुणी नव्हतं, की तिकडच्या बऱ्याच घरांत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण. दार उघडलं तर टेबलावर मॅकरोनी चीजचं हे एवढं भांडं, उकडलेले बटाटे, वाटाणे, ब्रेड. आम्ही शाकाहारी म्हणून बिचारीने मुद्दाम केलेलं. पहिलं ताट मी पिठल्याच्या शेजारी कसंबसं बसवलं. तोच त्या पुन्हा डाव घेऊन आल्या. आता पंगतीत वाढलेल्या माणसाचा हात अशा वेळी डोकं विचारून चालत नाही. मी ताटावर आडवा झालो, दोन्ही पंजे पसरले, आणि जिलबीवाल्याला थांबवायच्या पट्टीत ओरडलो, "इनफ! इनफ! इनफ!"

डाव हवेत थांबला. जावयांनी डोळे मिटले. टेबलाखाली गुरगुरणारा कुत्रा चटकन गप्प झाला आणि शिस्तीत बसला.

नंतर जावयांनी समजावलं. आपल्याकडे ताटावर 'पुरे पुरे' म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याचं कौतुक. जितक्या जोरात म्हणाल तितकं जेवण फर्मास. तिकडे नुसता, एकटा 'इनफ' हा मास्तर दंगा करणाऱ्या वर्गाला म्हणतात, आई भांडणाऱ्या पोरांना म्हणते, आणि मालक कुत्र्याला म्हणतो. पानावर बसल्यावर 'दॅट्स प्लेंटी, थँक यू' म्हणायचं. जुन्या काळची जास्त नटून बोलणारी माणसं, माझी 'एलिगंट सफिशन्सी' झाली, असंही म्हणत. पुन्हा बघा, चुलीपाशी वाढलेला शब्द जेवणाच्या टेबलावर चालत नाही, लॅटिनचा चालतो.

पण हे सगळं नंतर. त्या वेळी जेवणाशेवटी उंच काचेच्या पेल्यांतून क्रॅनाकन आलं. रासबेरी, घुसळलेली साय, भाजलेले ओट, मध आणि व्हिस्की. व्हिस्की आहे हे मी हिला सांगणार नव्हतोच. पिठलं, लाडू, मॅकरोनी सगळ्यांना सरकून बसायला सांगून मी पोटात एका पेल्याची जागा केली. बाईंनी विचारलं, "तुमचं इनफ झालं असेल ना?" आपली रीत तुम्हाला माहीत आहे. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'नको हो, खरंच', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडंसं'. मघाच्या आरडाओरड्याची भरपाई म्हणून या वेळी मी अत्यंत मृदू आवाजात, मान तिरकी करून म्हणालो, "येस, इनफ, थँक यू." बाईंचा चेहरा उजळला. अखेर पाहुण्याला रीत समजली होती. त्या म्हणाल्या, "इनफ इज ॲज गुड ॲज अ फीस्ट," आणि माझा पेला जावयांच्या पुढ्यात सरकवला. पुरेसं मिळालं की तीच मेजवानी, अशी ही म्हण १५४६ साली जॉन हेवुडने केलेल्या म्हणींच्या पुस्तकात आहे. साडेचारशेहून जास्त वर्षं ती माझ्या वाट्याच्या पेल्यावर डोळा ठेवून बसली होती. जावयांनी दोन्ही पेले संपवले. आग्रह न करता.

जाताना मात्र माझं नशीब उघडलं. शेवटी खरा चहा आला, आणि कपात दूध ओतता ओतता बाई स्वतःशीच म्हणाल्या, "इन्यूख." मी ताडकन उठलो. शेवटी तो घशातला ध्वनी, 'लॉख नेस'मध्ये असतो तोच, जिवंत! इंग्लंडात जो गेला तो स्कॉटलंडच्या बोलीत अजून नांदत होता. मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं, आणखी एकदा म्हणायला लावलं, आणि मग स्वतः म्हणून दाखवलं. पन्नास वर्षांत मला बरोबर म्हणणारी शाळेची ती पहिली बाई. त्यांनी कागदावर लिहून दिलं: स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी, दहा खंड, १९३१ ते १९७६, वाचनालयात जाऊन बघा.

ॲबर्डीनला रोझमाउंट वायडक्टवर तीन इमारती ओळीने उभ्या आहेत: वाचनालय, चर्च आणि हिज मॅजेस्टीज थिएटर. गावातले लोक त्यांना 'एज्युकेशन, सॅल्व्हेशन अँड डॅम्नेशन' म्हणतात, म्हणजे शिक्षण, मोक्ष आणि अधोगती. मी शिक्षणाला निघालो आणि मोक्षात शिरलो. तिथे डोळे मिटून बसलेल्या एका बाईंना डिक्शनरीचा खंड विचारला. त्यांनी डोळे न उघडता शेजारच्या इमारतीकडे बोट केलं, त्यावरून मी पहिलाच नसणार.

मग मी रोज तिथे जाऊ लागलो. घरात कुणी हरकत घेतली नाही, उलट डबा मिळू लागला. तिथे जे सापडलं त्याने माझी झोप उडाली. 'इनफ'ची भावंडं जर्मनांकडे 'गेनूग', डचांकडे 'खेनूख' आणि डॅनिश लोकांकडे नुसता 'नॉक'. पुढचा 'गे' हा उपसर्ग, तो इंग्रजीत झिजून झिजून 'इ' उरला. अनेकवचनी गोष्टींसाठी 'इनाउ' असा एक वेगळा शब्दही होता. सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या कोशात तो 'इनफ'चं अनेकवचन म्हणून नोंदलाय. म्हणजे अपमान एकूण धरला तर इनफ, आणि एकेक मोजला तर इनाउ. या सगळ्याच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ पोचणं, गाठणं, आणि त्याचा नातेवाईक संस्कृतात आहे: 'अश्नोति', तो गाठतो, तो मिळवतो. इथवर ठीक. पण आपलं 'पुरे' कुठून आलं? 'पुरणे' आलं 'पूर्यते'वरून, म्हणजे भरलं जाणं. पूर, पूर्ण, पुरवठा सगळे त्याच घरातले, आणि या घराण्याचा इंग्रजीतला नातेवाईक म्हणजे 'फुल'. थोडक्यात, इनफची भाऊबंदकी संस्कृतात आणि पुरेची इंग्रजीत. इंग्रज एका रेघेपर्यंत पोचला की थांबतो. आपण भरल्याशिवाय थांबत नाही. आणि पुरणपोळीतलं पुरणही पूरणच, भरायचं ते. थांबवायचा शब्द आणि जिच्यापुढे थांबवत नाही ती पोळी, दोन्ही एकाच धातूतून निघालेली. हे मी घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, "म्हणून तुम्ही पुरे म्हणत चार खाता होय."

एवढं ज्ञान घेऊन ठाण्याला परतलेला माणूस गप्प बसेल का? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी व्याख्यान लावून घेतलं, 'इनफ : एक चिंतन'. सभागृह भरलं होतं, कारण नंतर चहा-बटाटेवडा होता. कॅक्स्टन झाला, नॉर्मन झाले, क्रॅनाकन झालं (व्हिस्की वगळून, ही पहिल्या रांगेत होती), आणि मी धातूपाशी आलो. तिथे आवाज चढवून म्हणालो, "आणि मित्रहो, या इनफच्या मुळाशी आहे आपला संस्कृत शब्द, अश्नाति!"

पहिल्याच रांगेत एक निवृत्त संस्कृत शिक्षिका बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अश्नोति. गाठतो तो अश्नोति. अश्नाति म्हणजे खातो." मागून वड्यांचा वास येत होता, त्यामुळे माझी मात्रा का गळली हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. मी आभार मानले आणि तसाच पुढे निघालो. डच झाले, 'इनाउ' झालं, बसमधला 'बस' वेगळा आणि 'बास' फारसीतून आलेला हे झालं, गोव्यात कोंकणीत 'पुरो' म्हणतात हेही झालं. तेव्हा त्याच बाई पुन्हा, या वेळी हात जोडून, म्हणाल्या, "अलं व्याख्यानेन."

मला 'अलम्' ठाऊक होतं. अलम् म्हणजे समर्थ, पुरून उरणारा. पहिलवानाला पहिलवान अलम्, असं शाळेत शिकलो होतो. भर सभेत, संस्कृतच्या जाणकार बाईंनी, मला व्याख्यानासाठी समर्थ म्हटलं! मी छातीवर हात ठेवून झुकलो, आणि त्या प्रोत्साहनावर डॅनिश 'नॉक' सविस्तर घेतला. कार्यवाहांनी शेवटी माइकची वायर काढली. घरी परतताना रिक्षात मला व्याकरण कळलं. 'अलम्'ला चतुर्थी लागली, व्याख्यानाय, तर 'समर्थ', हे पाणिनीने सांगून ठेवलंय. तृतीया लागली, व्याख्यानेन, तर 'पुरे करा'. बाईंनी तृतीया लावली होती. "तुम्हाला विभक्ती कळली नाही, ते समजू शकते," ही म्हणाली, "पण हात जोडलेले दिसले नाहीत?"

असो. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की कधी तिकडे जाणं झालं आणि कुणी टीला बोलावलं, तर घरून पिठलं-भात खाऊन जाऊ नका. डाव घेऊन कुणी आलं तर ताटावर आडवे होऊ नका, हळू आवाजात 'दॅट्स प्लेंटी, थँक यू' म्हणा. आणि क्रॅनाकनचं विचारलं तर पहिल्याच खेपेला 'येस प्लीज' म्हणून पेला हातात घ्या. तिकडे दुसऱ्यांदा विचारत नाहीत.